चौथ्या अक्षरातलं एकत्र कुटुंब

एकत्र कुटुंबपद्धती मोडली म्हणून हळहळणाऱ्यांनी एकदा आपल्या सीएच्या कपाटात डोकावावं. तिथे ती ठणठणीत आहे. वाड्याची सोसायटी झाली, भाऊ गणपतीला एकमेकांच्या वेळा चुकवून येतात. पण विवरणपत्र भरायची वेळ आली की सगळं घराणं एका सहीखाली गोळा होतं. त्याला स्वतःचा दहा अक्षरी पॅन आहे आणि त्यात चौथ्या जागी 'एच' आहे.

चौथं अक्षर म्हणजे प्राप्तिकर खात्याच्या दफ्तरातली तुमची जात. माणूस 'पी', कंपनी 'सी', भागीदारी पेढी 'एफ', ट्रस्ट 'टी' आणि हिंदू अविभक्त कुटुंब, म्हणजे बोलीभाषेतलं एचयूएफ, 'एच'. माणसाच्या पॅनमधलं पाचवं अक्षर आडनावाचं. इथे खात्याच्या हातून नकळत एक पुरोगामी काम झालं आहे. लग्नानंतर बाईने आडनाव बदलून नवं कार्ड घेतलं तरी नंबर जुनाच राहतो. रेशनकार्डापासून दारावरच्या पाटीपर्यंत सगळीकडून पुसलेलं माहेर पाचव्या जागी ठाण मांडून बसतं.

"लग्न झालं ना? मग एचयूएफ काढून टाका," असं सीए सांगतो. त्यासाठी कर्त्याने, म्हणजे कुटुंबप्रमुखाने, प्रतिज्ञापत्र द्यायचं: सगळ्या सहदायादांची, म्हणजे जन्मानेच मालमत्तेत वाटा असलेल्यांची नावं, त्यांच्या वडिलांची नावं, पत्ते. आईच्या तेराव्याला ज्याचा पत्ता कुणालाच सापडला नव्हता, तो भाऊ इथे पिनकोडासकट हजर होतो. मग रबरी शिक्का बनतो. घरात चहात साखर किती घालायची हे ठरवण्याचा अधिकार नसलेला गृहस्थ बँकेत जाऊन ऐटीत 'कर्ता' असा शिक्का उमटवतो.

बायको या कुटुंबाची सदस्य असते, सहदायाद नसते. म्हणजे स्वयंपाक करू शकते, वाटणी मागू शकत नाही. मुलगी मात्र सहदायाद. महाराष्ट्राने हे १९९४ मध्येच केलं, देशाला २००५ साल उजाडावं लागलं. ही बातमी बऱ्याच घरांतल्या मुलींपर्यंत अजून पोचलेली नाही. हक्कसोडपत्र वेळेवर पोचतं.

या कुटुंबात पैसा आणायचा कुठून? पगार घालता येत नाही. स्वतःच्या खिशातून टाकला, तर त्याचं व्याज फिरून तुमच्याच उत्पन्नात मोजतात. बहुतेकदा आजोबांनी मागे काहीतरी ठेवलेलं असावं लागतं. ज्यांच्या आजोबांनी कर्ज आणि दमा एवढंच ठेवलं, त्यांनी 'पी'वर समाधान मानावं. तसंही त्यात नुकसान नाही. २०२५ च्या अर्थसंकल्पाने नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर माफ केला तो एकट्यादुकट्या माणसाला. कुटुंबाचं मीटर ४ लाखांनंतर सुरू. संस्कृतीच्या गप्पा व्यासपीठावर, सूट एकट्याला.

केरळने हा सगळा प्रकार १९७५ चा कायदा करून मोडीत काढला. गोव्यात तर पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्यामुळे पगार सोडून बाकीचं उत्पन्न नवरा-बायकोत सरळ निम्मंनिम्मं धरतात. प्रतिज्ञापत्र नाही, शिक्का नाही, कर्ता तर नाहीच. आपल्याकडची मंडळी गोव्याला जातात, पण हे शिकायला कुणी जात नाही.

खरी मजा कुटुंब मोडताना. भांडून चुली वेगळ्या केल्या म्हणून खातं तुम्हाला वेगळं मानत नाही. ३१ डिसेंबर १९७८ नंतरची अर्धीमुर्धी वाटणी त्याला मंजूरच नाही. सगळी मालमत्ता प्रत्यक्ष वाटून दाखवा, अधिकारी चौकशी करील, आदेश काढील. तोवर तुम्ही अविभक्त. आजीला जे शपथा घालून जमलं नाही, ते हे एक कलम करून दाखवतं. एकमेकांचं तोंड न पाहणारे भाऊ दरवर्षी एकाच विवरणपत्रात नांदतात. दिवाणी न्यायालयात ते वाटणीच्या दाव्यात समोरासमोर उभे असतात, दोघांचे वकील वेगळे. सीए एकच, आणि त्याची फी कुटुंबाच्या खात्यातून जाते.