भातगिरणी

गेल्या मे महिन्यात मी पाचवीच्या शिष्यवृत्तीच्या पोरांसाठी अपूर्णांकांचा पहिला धडा संगणकावर रेकॉर्ड केला आणि ग्रुपवर टाकला. अकरा मिनिटांचा धडा. अंश म्हणजे काय, छेद म्हणजे काय, चिकूच्या चार फोडींपैकी तीन खाल्ल्या तर उरलं काय, असा सगळा साग्रसंगीत थाट. रात्री पहिला अभिप्राय आला. तलासरीकडच्या एका पाड्यावरून, बापाच्या फोनवरून, एका पोरीचा आवाज : "सर, तुमच्या घरी भातगिरणी हाय का?"

माझ्या घरी भातगिरणी नाही. मी डहाणूत राहतो, शिकवायला तलासरी तालुक्यातल्या एका पाड्यावर जातो. घरी चिकूची सहा झाडं, एक बायको आणि एक सात वर्षांचा लॅपटॉप एवढीच इस्टेट. धडा पुन्हा ऐकला तेव्हा कळलं, गिरणी म्हणजे लॅपटॉपचा पंखा. एरवी हा प्राणी गरीब. पगारपत्रकं, पोषण आहाराचे तक्ते, काहीही द्या, मान खाली घालून करतो. पण स्क्रीन रेकॉर्ड करायचं लाल बटण दाबलं की याच्या अंगात येतं. घुमायला लागतो. टास्क मॅनेजर उघडून पाहिला तर प्रोसेसरचा वापर शंभर टक्के. चैत्री पौर्णिमेला महालक्ष्मीच्या जत्रेत पाय ठेवायला जागा नसते, तशी त्या आलेखात रेषेला वर जायला जागा नव्हती.

मी शिक्षक आहे. गडबड करणाऱ्याला गप्प कसं करायचं, हे आम्हाला डीएडला शिकवलेलं असतं. पहिला उपाय म्हणून मी लॅपटॉपखाली गोधडीची चौपदरी घडी घातली. आवाज खरोखरच दबला. तीन मिनिटांनी लॅपटॉपही दबला. माउस इकडे हलवावा, तर बाण तिकडे सावकाश, जेवण झाल्यासारखा निघायचा. नंतर समजलं की त्याची नाकं खालच्या अंगाला असतात. ती मी गोधडीने बुजवली होती. श्वास कोंडला की प्रोसेसर तापतो, आणि फार तापला की जीव वाचवायला स्वतःच वेग कमी करतो. मे महिन्यात, डहाणूच्या त्या चिकट हवेत, मी त्याला गोधडी पांघरली होती. माणूस असता तर त्याने माझ्यावर केस केली असती.

दुसऱ्या धड्याला भूकंप झाला. आमच्या भागात टेबल थरथरणं ही तशी चेष्टेची गोष्ट नाही. २०१८च्या नोव्हेंबरपासून धुंदलवाडी, तलासरी, डहाणू या पट्ट्यात धक्के बसत आलेत. लोकांनी भर थंडीत घराबाहेर तंबूत रात्री काढल्यात. तेव्हापासून भांडं वाजलं की आमची ही आधी अंगणात आणि मग विचारात. त्या दिवशी लॅपटॉपला चिकटून ठेवलेला स्टीलचा पेला किणकिणायला लागला आणि आतून आवाज आला, "अहो, हलतंय! बाहेर या!" मी माउस हातात घेऊन बाहेर. आम्हाला बघून शेजारचे बाहेर. दहा मिनिटं आम्ही सगळे घरांकडे तोंड करून उभे. काही पडलं नाही. आत येऊन पाहिलं तर पेला अजून किणकिणतच होता. भूकंपाचं केंद्र आमच्या टेबलावर, खोली जमिनीपासून अडीच फूट, तीही वरच्या बाजूला. रेकॉर्डिंग चालूच होतं. 'दोन छेद तीन म्हणजे' यानंतर 'अहो, हलतंय' आणि पुढे दहा मिनिटं निखळ गिरणी. पोरांचं आजही म्हणणं आहे की हा माझा सगळ्यात चांगला धडा.

मग मी शास्त्राकडे वळलो. रेकॉर्डिंगला मी ओबीएस वापरतो. २०१२ साली आलेलं आणि आजतागायत फुकट असलेलं हे सॉफ्टवेअर. त्याच्या सेटिंगमध्ये 'सीपीयू युसेज प्रीसेट' अशी एक यादी सापडली आणि मला हर्षवायू झाला. रोगाचंच नाव लिहिलेलं! यादीत अल्ट्राफास्ट, सुपरफास्ट, व्हेरीफास्ट असं करत करत खाली मिडियम, स्लो, स्लोअर, व्हेरीस्लो. आणि माझं होतं व्हेरीफास्ट. म्हणजे या म्हाताऱ्या बैलाला मी इतके दिवस शर्यतीत पळवत होतो! मला वाईट वाटलं. त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि 'स्लो' निवडलं. आवाज वाढला. 'स्लोअर' केलं. खिडकीची काच वाजायला लागली. 'व्हेरीस्लो' केलं तेव्हा अंगणातल्या झाडावरचा कावळा उडाला. यादीत सगळ्यात तळाला 'प्लसीबो' होतं. औषध नसलेलं औषध, निदान अपाय तरी करणार नाही, म्हणून तेही दिलं. पडद्यावर तांबड्या अक्षरांत तक्रार आली, की एन्कोडिंगचा भार सोसत नाही. आणि चित्र थिजलं.

शेवटी भाच्याला बोलावलं. तो मुंबईला इंजिनिअरिंगला आहे. २०१३ पासून लोकल डहाणूपर्यंत येत असल्याने भाचे बोलावणं सोपं झालंय. त्याने चहाचा कप हातात घेऊन यादीवर नजर टाकली आणि विचारलं, "मामा, प्लसीबो कोणी लावलं?"

"आपोआप लागलं असेल," मी म्हणालो.

"बरं. चर्चगेट ते विरार स्लो लोकल जास्त थांबते की फास्ट?"

"स्लो. सगळी स्टेशनं घेते."

"मग काम कोणाला जास्त? हे तसंच. स्लो म्हणजे प्रोसेसर चित्राच्या प्रत्येक तुकड्याजवळ थांबतो, उतरतो, इथे अजून काही आवळता येईल का बघतो. फास्ट म्हणजे स्टेशनं गाळत जातो. चित्र तेवढं नीट आवळलं जात नाही, पण घाम कमी. तुम्ही गाडीला प्रत्येक स्टेशनला थांबवत होता, आणि वर म्हणत होता, दमू नको."

मग त्याने आकारमान पाहिलं. मी १९२० बाय १०८० घेतलं होतं, सेकंदाला ६० चित्रं. सिनेमासुद्धा २४वर भागवतो, पण आपल्या पोरांना उत्तम ते द्यावं ही माझी भावना. भाच्याने फोनवर गुणाकार करून दाखवला : सेकंदाला १२ कोटी ४४ लाख १६ हजार ठिपके. "आणि यात हलतंय काय?"

"पेनचं टोक," मी म्हणालो.

भिंतीवर हिने लावलेलं वारली चित्र होतं, त्याच्याकडे त्याने बोट दाखवलं. "तारप्याभोवती नाचणारा प्रत्येक माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण. मनगटावरचं घड्याळ कोणी काढलंय? गंजाडच्या जिव्या सोमा मशेंना २०११ साली पद्मश्री मिळाली ती तांदळाच्या पिठाच्या रेघांवर. व्हिडिओ आवळणारंही तेच करू बघतं. एक चित्र पुरं ठेवायचं, पुढच्यात काय हललं तेवढंच लिहायचं. पण काय हललं नाही हे ठरवायला त्याला आधी सगळे ठिपके तपासावे लागतात. तुम्ही मुळात ठिपकेच कमी द्या ना." १२८० बाय ७२०, सेकंदाला ३०. साडेचार पटीने भार उतरला : २ कोटी ७६ लाख ४८ हजार.

खरा धक्का पुढे होता. "इंटेलच्या बहुतेक प्रोसेसरमध्ये २०११ पासून व्हिडिओ आवळायला एक वेगळा कोपराच असतो. क्विक सिंक. एनव्हिडियाच्या कार्डांत २०१२ पासून एनव्हेंक. तुमच्याकडे क्विक सिंक आहे." म्हणजे वाडीत चिकूचे खोके भरायला स्वतंत्र गडी ठेवलाय, तो सात वर्षं झाडाखाली पाय पसरून बसलाय, आणि मालक हिशोब करता करता, फोन घेता घेता, खोकेही स्वतःच भरतोय. फाइल थोडी जाड होते म्हणे त्याच्या हातून. होऊ दे. गडी कामाला लागला.

मग किरकोळ दुरुस्त्या. ओबीएस स्वतःचाच पडदा टिपून स्वतःलाच दाखवत होतं. चौकटीत चौकट, त्यात चौकट, थेट पाताळापर्यंत. मी ते तत्त्वज्ञान समजून चालू ठेवलं होतं. भाच्याने ते झाकलं. ब्राउझरचे एकोणतीस टॅब मिटले. त्यातले चार 'मधुमेहात चिकू चालतो का' याच प्रश्नाचे होते. चारांपैकी एक होकार मिळेपर्यंत मी शोधत होतो. आणि गोधडीच्या जागी चिकूचा प्लास्टिकचा क्रेट पालथा घातला. भोकं भरपूर, वारा खालून. क्रेटवर लॅपटॉप, लॅपटॉपवर अपूर्णांक. टास्क मॅनेजर बावीस टक्क्यांवर आला. खोलीत इतकी शांतता झाली की ही बघायला आली, काय बिघडलं म्हणून.

शाळा उघडल्यावर त्या पोरीच्या पाड्यावर गेलो. सहा पोरं एका फोनवर धडे बघत होती. फोनची काच तडकलेली, रेंज आंब्याच्या एका विशिष्ट फांदीखाली, आणि डेटा वाचावा म्हणून चित्र अगदी कमी करून ठेवलेलं. माझे बारा कोटी ठिपके इथपर्यंत पोचलेच नव्हते. ते डहाणूतच टेबलावर उकळून वाफ झाले होते. याच भागात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला सुरू केलेलं मुलांना शिकवण्याचं काम पुढे कोसबाडच्या टेकडीवर नेलं. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणातच शाळा भरवली, खडे-शिंपले-बियांवर शिकवलं. तिथून काही मैलांवर बसून मी दोन छेद तीनसाठी यंत्राला ताप आणत होतो. लॅपटॉपला कमी ताकद नव्हती. मला हौस जास्त होती.

नवा धडा टाकला. ना गिरणी, ना भूकंप. स्वच्छ आवाज. कौतुकाची वाट बघत मी फोन उशाशी घेऊन झोपलो. सकाळी तोच आवाज, मागे बाकीच्या पाचांचं खुसखुसणं :

"सर, गिरणी विकली काय? आता आमी भात कुटं भरडायचा?"