पाणी लागू नये अशी विहीर

टेक्ससमध्ये घरामागे स्विमिंग पूल बांधायचा म्हटलं की कंपनीचा माणूस आधी आयपॅडवर एक चित्र दाखवतो. चित्रात कायम संध्याकाळ असते, पाणी निळंशार असतं, काठावर दोन ग्लास असतात आणि घरमालक बराच बारीक झालेला असतो. या चित्राखाली आपण सही करतो. त्यानंतर आपल्याला मिळतो तो खड्डा. तो एवढे महिने मुक्काम करतो की घरी आलेल्या पाहुण्यांना चहाआधी तोच दाखवावा लागतो.

आमचा खड्डा डॅलसच्या उत्तरेला, प्लेनोमध्ये. तो खणला जात होता तेव्हा बाबा यवतमाळ जिल्ह्यातून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आलेले होते. बाबांनी उमेदीच्या काळात शेतात विहिरी खणून घेतल्या आहेत. त्यातल्या एकीला पाणी लागलं नाही, ती गोष्ट त्यांनी अजून सोडलेली नाही. त्यामुळे जमिनीला भोक पाडणारा कुठलाही माणूस दिसला की ते हात मागे बांधून त्याच्या शेजारी जाऊन उभे राहतात.

सुरुवातीचा काळ कागदांचा. शहराचा परवाना एक आणि आपल्या वसाहतीच्या असोसिएशनचा दुसरा. असोसिएशनला पंप रस्त्यावरून दिसलेला चालत नाही. बाकी तिला काय चालतं हे मला अजून कळलेलं नाही.

मग एके सकाळी एक माणूस हातात दांडीसारखं यंत्र घेऊन आमच्या हिरवळीवर फेऱ्या मारू लागला. अमेरिकेत खणायच्या आधी ८११ या क्रमांकावर कळवावं लागतं. २००७ पासून देशभर हा एकच क्रमांक आहे. मग जमिनीखाली जे जे पुरलंय त्याच्या खुणा रंगाने जमिनीवर मारून जातात. विजेला लाल, गॅसला पिवळा, पाण्याला निळा, केबलला नारिंगी, सांडपाण्याला हिरवा.

"पाणाड्या हाये का हा?" बाबांनी विचारलं.

"नाही बाबा. पाण्याची लाइन कुठे आहे ते बघतोय. सापडली की तिथे खणू नका म्हणून सांगतो."

बाबांनी त्या माणसाला पुन्हा एकदा खालपासून वरपर्यंत पाहिलं. "मंग त्याले बोलावला कायले?"

खणायच्या दिवशी कुंपणाच्या फळ्या काढून यंत्र आत आलं. येताना त्याने हिरवळीचे स्प्रिंकलर मोडले. ते सगळ्यांचेच मोडतात, करारात तसं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. पहिली बकेट वर आली आणि बाबा पुढे झाले. ढेकूळ उचललं, बोटांनी चुरलं.

"बाप्पा! हे तं आपली कपाशीची जमीन!"

बाबांचं बरोबर होतं. सॅन अँटोनियोपासून डॅलसच्या वरपर्यंत काळ्या मातीचा पट्टा पसरलाय. इथल्या एका मातीला शास्त्रज्ञांनी ह्यूस्टन ब्लॅक असं नावही दिलंय. ही माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते, आणि या पट्ट्यात एके काळी सगळीकडे कापूसच होता. आता तिच्यावर घरं आहेत. उन्हाळ्यात माती आकसून घरांना तडे जाऊ नयेत म्हणून इथले लोक पायाच्या कडेने पाझरणारे पाइप टाकून चक्क घराला पाणी देतात. हे बाबांनी गावी फोन करून सांगितलं. तिकडे कुणी विश्वास ठेवला नाही.

ती माती ट्रकमध्ये भरून जाऊ लागली तेव्हा मात्र त्यांना पाहवेना. त्यातून ती नेण्याचे पैसे आपणच द्यायचे, हे कळल्यावर त्यांनी हट्टाने एक ढीग कुंपणाशी ठेवून घेतला आणि त्यावर मिरच्या लावल्या. मिरच्यांना फुलं यायच्या आधी असोसिएशनचं पत्र आलं.

खड्डा खोल होत गेला तसे बाबा कडेवरून भविष्य सांगू लागले. "आता मुरूम लागन." मुरूम लागला नाही, पांढरा चुनखडीचा थर लागला. डॅलस-प्लेनोच्या पोटात तो पसरलेला आहे, भूगर्भशास्त्रात त्याला ऑस्टिन चॉक म्हणतात. करारात मात्र त्याचं नाव नुसतं 'रॉक' असतं आणि तो लागला की यंत्राचे तासाप्रमाणे जादा पैसे पडतात. पुढे मे महिन्याचा पाऊस आला. तळाशी पाणी साचलं आणि कंत्राटदाराचा चेहरा उतरला. हे बाबांच्या आकलनापलीकडचं होतं. खणताना पाणी लागलं की आमच्याकडे नारळ फुटतो; इथे पंप लावायचं वेगळं बिल येतं. मी त्यांना पुढचंही समजावलं. तलाव बांधून झाला, पण रिकामा राहिला, आणि खालची जमीन पाण्याने भरली, तर ते पाणी अख्खा तलाव खालून ढकलतं आणि तो जमिनीतून वर येतो. म्हणून तळाला एक झडप बसवतात.

"इहीर वर येते?"

"तलाव."

"पाह्य लेका, आमच्या इहिरी खालीच राह्यल्या."

सळया, नळ, विजेची तार या सगळ्यांची तपासणी शहराचा माणूस करतो आणि ती बघण्यात काही मजा नाही. मजा आहे सिमेंटच्या फवाऱ्यात. जाड पाइपातून काँक्रीट हवेच्या जोरावर सळयांवर मारतात. ही सिमेंटची बंदूक कार्ल एकली नावाच्या गृहस्थाने शोधली. त्याचा धंदा संग्रहालयांसाठी मेलेले प्राणी जिवंतासारखे उभे करण्याचा. शिकागोच्या संग्रहालयाच्या बाहेरच्या भिंती ढासळत होत्या, त्या लिंपायला त्याने हे यंत्र बनवलं आणि १९११ साली पेटंट घेतलं. त्याआधी, १८९६ मध्ये, आफ्रिकेत त्याने अंगावर आलेला बिबट्या नुसत्या हातांनी मारला होता. असा माणूस आमच्या कंत्राटदाराशी फोनवर बोलायला मिळाला असता तर काम वेळेत झालं असतं.

फवारणी झाल्यावर कंपनीने बजावलं की आठवडाभर दिवसातून तीन-चार वेळा काँक्रीट भिजवा. हे ऐकून बाबांचे डोळे चमकले. इतके दिवस परक्या भाषेत चाललेल्या नाटकात त्यांना अचानक पाठ असलेली भूमिका मिळाली. घराचं बांधकाम निघालं की स्लॅबला पाणी मारायचं काम घरातल्या म्हाताऱ्याचं, हा आमच्याकडचा अलिखित नियम. ते पहाटे उठून पाणी मारत, दुपारी मारत, रात्री टॉर्च घेऊन मारत. कंपनीचा माणूस पुरे म्हणायला आला, त्यालाही थोडं लागलं.

त्यानंतर कुणीच आलं नाही. घरमालकाने खरी तयारी या टप्प्याची ठेवायला हवी, आणि याचं चित्र आयपॅडवर नसतं. पैसे टप्प्याटप्प्याने द्यायचे असतात: खणताना एक हप्ता, फवारणीला एक, फरशीला एक. चेक द्यायच्या सकाळी पाच ट्रक दारात असतात. दुसऱ्या दिवशी फोन लावला की हवामान, फरशीवाला, फरशीवाल्याचं हवामान. बायकोने कारणांची वही ठेवली. बाबांना वहीची गरज वाटली नाही.

"उचल देल्ली ना? मंग कायले येते तो."

फरशी यथावकाश आली. कुंपणाला आपोआप मिटणारं, आपोआप कडी लागणारं फाटक आलं, आणि मागच्या दाराला अलार्म. बाबा पहाटे फिरायला मागून निघाले की सगळं घर उठू लागलं.

शेवटी आतून गिलावा झाला आणि पाणी सोडलं. ते तलाव भरेपर्यंत थांबवायचं नाही, नाहीतर थांबेल तिथे गिलाव्यावर कायमचा डाग पडतो. आमचा १५ बाय ३० फुटांचा तलाव साधारण ६४ हजार लिटरचा. बाबांनी मनात गावच्या टँकरचा भाग दिला. पाच-सहा टँकर.

"हे गावात सांगू नोको," ते म्हणाले आणि आत गेले.

पाणी आलं म्हणजे पोहता येतं असं नाही. गिलाव्याची भुकटी सुटते, ती रोज दोनदा ब्रशने घासायची. पाण्याचं आम्ल-अल्क तोलायचं. क्लोरीनसाठी लागणारं मीठ तर महिनाभर टाकायचंच नाही. हे शिकवायला कंपनीचा माणूस येतो, त्या तासाला इथे पूल स्कूल म्हणतात. घासून घासून ऑक्टोबर उजाडला आणि पाणी गार पडलं. जायच्या आधी बाबा पायरीवर गुडघाभर पाण्यात उभे राहिले. ते पाठीला भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकलेले. "येथं बुडताच येत नाही. पोहाचं कायले?"

एप्रिलमध्ये कौंटीची नोटीस आली. मालमत्तेचं मूल्य वाढलं होतं, कारण आता मागे तलाव आहे. आम्ही त्यात नीट उतरलो नव्हतो, पण त्यांच्या वहीत तो उतरला होता. बाबांना फोनवर सांगितलं.

"तलाठी येऊन गेला म्हन की."

"तसंच. पंधरा मेपर्यंत हरकत घेता येते म्हणे."

"घे ना मंग. अर्जात लिही, इहीर खंदली, पाणी लागलं नाही."