दम न धरता दम कसा वाढवावा

अभिनंदन! तुम्ही पळायचं ठरवलंत. निर्णय बहुधा रात्री जेवणानंतर पलंगावर आडवं पडून झाला असेल. आपल्याकडचे निम्मे धावपटू तिथंच जन्माला येतात. कुणाचा तरी मेडल दातात धरलेला फोटो पाहिलात, हा माणूस शाळेत खो-खोला कायम राखीव असायचा हे आठवलं, आणि झोप उडाली. आता प्रश्न दोनच उरले, वेग कसा वाढवायचा आणि दम कसा वाढवायचा. दोन्हींचं एकच उत्तर आहे, जुनं आणि खात्रीचं. पण ते इतकं कंटाळवाणं आहे की मी ते चौथ्या क्रमांकावर लपवलंय. घाबरू नका, ते कसं टाळायचं हेही तिथंच सांगितलंय.

माझा अधिकार काय, असं विचाराल. चार वर्षं, दोन गुडघे, आणि एक फिजिओथेरपिस्ट, जो आता मला अरे-तुरे करतो.

१. आधी स्पर्धेत नाव घाला, मग पळायला शिका.

पाच किलोमीटरने सुरुवात करा, असं सांगणारे भेटतील. त्यांना महत्त्वाकांक्षा नसते. तुम्ही थेट सातारा हिल हाफ मॅरेथॉन निवडा. २१ किलोमीटर आणि वर थोडे मीटर. त्यातलं पहिलं अर्धं अंतर यवतेश्वरचा घाट चढत कासच्या दिशेने जायचं, उरलेलं त्याच घाटाने उतरायचं. लिफ्ट बंद असली की दुसऱ्या मजल्यावर कठड्याला टेकणाऱ्या माणसाला याहून योग्य स्पर्धा नाही. पैसे भरलेत की ऑफिसात सांगून टाका. आता माघार नाही, कारण फी परत मिळत नाही.

मामी विचारतील, "किती किलोमीटरची मॅरेथॉन रे?" मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटर, त्याहून कमी नाही आणि जास्तही नाही, हे त्यांना सांगायला जाऊ नका. साहेबांच्या वाढदिवसानिमित्त भव्य मॅरेथॉन, अंतर ३ किलोमीटर, असे फ्लेक्स बघत त्यांचं आयुष्य गेलंय. तुमची एकवीसची ऐकून त्या भारावतील. भारावू द्या. या सगळ्या प्रवासातलं हे सर्वांत स्वस्त सुख आहे.

२. बूट घ्या. परवडतील त्याच्या दुप्पट किमतीचे.

१२ ऑक्टोबर २०१९ रोजी व्हिएन्नात एलिउड किपचोगे ४२.१९५ किलोमीटर १ तास ५९ मिनिटं ४० सेकंदांत पळाला. त्याच्या बुटांत कार्बनची पट्टी होती. शिवाय वेग धरून देणारे ४१ धावपटू पाळीपाळीने त्याच्याभोवती पळत होते, पुढची गाडी रस्त्यावर लेझरने रेघ आखत होती, आणि मागे वर्षानुवर्षांचा सराव होता. यातली दुकानात मिळणारी वस्तू एकच. ती घ्या.

किपचोगेला किलोमीटरला २ मिनिटं ५० सेकंद लागले, तुम्हाला ८ मिनिटं लागतात. मधली पाच मिनिटं पट्टीने भरून काढायची आहेत. पट्टी आणि तिच्याभोवतीचा फोम तुम्ही जमिनीला दिलेल्या जोरातलाच काही भाग परत देतात, पदरचं काही घालत नाहीत, हा तपशील दुकानदार सांगणार नाही. तुम्हीही विचारू नका, त्याचाही धंदा आहे.

पहाटे हायवेच्या कडेला पोलीस भरतीची पोरं पळताना दिसतील. १६०० मीटरला पैकीच्या पैकी गुण हवे असतील तर त्यांना ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत यावं लागतं. पायात टाच उसवलेले बूट, कधी तेही नाहीत. त्यांच्याकडे फार वेळ पाहू नका. बुटांच्या किमतीवरचा विश्वास डळमळतो.

३. घड्याळ घ्या आणि त्याच्याशी भांडायला शिका.

सूत्र सोपं आहे. २२० मधून वय वजा करा, आले हृदयाचे कमाल ठोके. वय ४४ असेल तर १७६. सोसायटीच्या गेटपासून दूध केंद्रापर्यंत गेल्यावर घड्याळ १८१ दाखवेल. सूत्र सरासरीवरून बांधलेला ढोबळ अंदाज आहे, माणसागणिक दहा-वीस ठोके इकडेतिकडे होतात. पण असलं काही मनात आणू नका. आपण कमालीच्याही पलीकडे गेलो, एवढंच लक्षात ठेवा आणि स्क्रीनशॉट घ्या.

पावलांचंही शास्त्र आहे. जॅक डॅनियल्स नावाच्या प्रशिक्षकाने (बाटलीशी संबंध नाही) १९८४च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये धावपटूंची पावलं मोजली. जवळजवळ सगळेच मिनिटाला १८० किंवा त्याहून जास्त पावलं टाकत होते. ते ऑलिम्पिकमध्ये, ऑलिम्पिकच्या वेगाने पळत होते, हा भाग गाळून टाका. फोनवर १८०चा ठोका लावा आणि त्या तालावर पावलं टाका. पुढे सरकण्याइतका दम उरणार नाही, म्हणून जागच्या जागीच टाका. समोरून येणारी मंडळी वाट सोडतील.

४. आता ते कंटाळवाणं उत्तर.

सावकाश पळा. इतकं सावकाश, की सोबतच्याशी सलग गप्पा मारता याव्यात. वाक्य अर्ध्यात तुटलं तर तुम्ही जास्त जोरात पळताय. पळवत नसेल तर चाला, दम परत आला की पुन्हा पळा. असं आठवड्यातून तीन-चार दिवस, काही महिने. मुरलेले धावपटूसुद्धा आठवड्यातलं बहुतेक अंतर असंच रमतगमत काटतात आणि जोराचं पळणं एखाद-दुसऱ्या दिवसापुरतं ठेवतात. सावकाश पळताना हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला शिकतं, स्नायूंत बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं दाट होतं, शरीर चरबी जाळायला सरावतं. दम म्हणतात तो हाच. झालं. एवढंच आहे.

बघितलंत? यात फोटो काढण्यासारखं काही आहे का?

तळजाईच्या टेकडीवर एक काका येतात. माकडटोपी, पूर्ण बाह्यांचा स्वेटर, कॅनव्हासचे बूट. असे पळतात की झपझप चालणाऱ्या बायका त्यांना मागे टाकतात. आणि अखंड बोलत असतात. कुणी सोबत असेल तर त्याच्याशी, नसेल तर फोनवर भावाशी. सुनेची बदली, पार्किंग, कालव्याचं पाणी. मी रोज त्यांना पहिल्या दोनशे मीटरमध्ये ओलांडायचो. ते रोज मला दीड किलोमीटरवर गाठायचे, बोलतबोलतच. एकदा मी विचारलं, "काका, रोज किती पळता?" म्हणाले, "मोजत नाही बुवा. नळाला पाणी यायच्या आत घरी पोचतो."

असे काका प्रत्येक टेकडीवर असतात. त्यांच्यापासून जपा. ओलांडताना श्वास रोखून धरा म्हणजे धाप ऐकू जाणार नाही, वळणापर्यंत तसेच जा, आणि काका दिसेनासे झाले की बुटाची नाडी बांधायला वाका. नवशिक्याला मिळणारी एकमेव प्रतिष्ठित विश्रांती म्हणजे नाडी बांधणं. म्हणून घरून नाडी सैल ठेवूनच निघावं. मी एका फेरीत सहा वेळा बांधली आहे. चालायचं मात्र नाही. जेफ गॅलोवे नावाचा अमेरिकन १९७२च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये दहा हजार मीटर पळाला आणि पुढे आयुष्यभर लोकांना थोडं पळा, थोडं चाला, असंच शिकवत राहिला. त्याला चालतं. त्याला आपल्या सोसायटीत राहायचं नाही.

५. वेग वाढवा. आजच.

स्वीडनमध्ये फार्टलेक नावाची पद्धत निघाली. शब्दाचा अर्थ वेगाशी खेळ. या खांबापासून त्या खांबापर्यंत जोरात, पुढे दोन खांब रमतगमत. आपल्याकडे हे वर्ग गल्लीतली कुत्री पहाटे विनामूल्य घेतात. मात्र त्यांच्या अभ्यासक्रमात रमतगमतचा भाग नाही.

पहिल्या आठवड्यात रोज जीव तोडून पळा. दुसऱ्या आठवड्यात अंतर दुप्पट करा. तिसऱ्या आठवड्यात गंमत होते. छाती म्हणते, आता जमतंय, चल पुढे. ती खोटं बोलत नसते. हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत सरावतात. हाडं आणि स्नायूबंध यांना मात्र महिने लागतात, आणि त्यांना या बैठकीचं आमंत्रणच गेलेलं नसतं. त्यांचं उत्तर नडगीतून येतं. पायाच्या पुढच्या हाडाला लागून, आतल्या बाजूने, आधी पळताना, मग जिने उतरताना, मग रात्री कूस बदलताना. हे दुखणं नव्हे, प्रगती होतेय, असं ग्रुपवरचे सांगतील. त्यांचंही असंच सुरू झालं होतं.

६. आहार.

शरीरातला साखरेचा साठा साधारण दीड-दोन तासांच्या पळण्याला पुरतो. तुम्ही चाळीस मिनिटं पळणार आहात. तेव्हा आदल्या रात्री कार्बोहायड्रेटचा साठा करणं अत्यावश्यक आहे. त्यासाठी परदेशी लोक पास्ता खातात; आपण पुरणपोळी खावी, तुपासकट. पळून झाल्यावर ग्रुपसोबत मिसळ. पळण्यात किलो वजनामागे किलोमीटरला साधारण एक कॅलरी खर्च होते, म्हणजे पंचाहत्तर किलोचा माणूस पाच किलोमीटरमध्ये पावणेचारशे. जादा पाव, तर्री, वर जिलबी असा हिशेब मांडणारा एक इंजिनिअर प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. त्याला बिल भरायला लावा, गप्प होतो. मी दोन महिन्यांत चार किलो मिळवले.

७. स्पर्धेचा दिवस.

सप्टेंबरची पहाट, साताऱ्याची गार हवा, ढोल, गर्दी. उद्घोषक तुमच्यातला मावळा जागा करेल. जागा होऊ द्या आणि बेभान सुटा. आतापर्यंत कधीही न पळलेल्या वेगाने पहिला किलोमीटर काढा. डावी-उजवीकडून लोक मागे पडताहेत, कपाळावर वारा, घड्याळात ५:२०. हा तुमच्या आयुष्यातला सर्वोत्तम किलोमीटर आहे. मन भरून घ्या, कारण पुढे वीस आहेत आणि घाट अजून लागलेला नाही.

घाट लागला की मागे पडलेली माणसं एकेक करून भेटायला येतील. आधी तरुण. मग तुमच्या वयाचे. मग दोन मैत्रिणी, सासरच्या लग्नाबद्दल बोलत. मग नऊवारीतल्या एक आजी येतील अशी मनाची तयारी ठेवा. बारामतीच्या स्पर्धेत साठीपुढच्या लता भगवान करे नऊवारीत अनवाणी पळून पहिल्या आल्या. २०१३ पासून या राज्यात कुणालाही साडीवरून कमी लेखायची सोय उरलेली नाही. नाडी बांधा. नाडी बांधलेलीच असेल तर सोडून बांधा. दरी बघा. ढग बघा. निसर्गासाठी थांबलोय असा चेहरा करा.

फोटोग्राफर दिसला की पळा. तो वीस मीटर आधी दिसतो आणि वीस मीटर पुरतो. माझ्या त्या शर्यतीचे सात फोटो आहेत, सगळ्यांत दोन्ही पाय हवेत. घरच्यांचा समज आहे की मी सबंध घाट असाच पळालो.

उतारावर गुरुत्वाकर्षणाला काम करू द्या. मांड्यांना याचा पत्ता दुसऱ्या दिवशी लागतो, शक्यतो कमोडवर बसताना. खास पळणाऱ्यांसाठी म्हणून आधाराचा दांडा बसवायला हवा, असं माझं प्रामाणिक मत आहे.

८. दुखापतीनंतर.

आता तुम्ही सहा आठवडे बसून आहात. गुडघ्यावर बर्फ, भिंतीवर मेडल. हाच मार्गदर्शक व्हायचा काळ. ग्रुपवर रोज पहाटे पाचला सुप्रभात घाला, इतरांच्या पळण्याखाली 'सावकाश, घाई नको' असं लिहा. एखाद्या रविवारी लंगडत टेकडीवर जा. काका भेटतील, विचारतील, "काय रे, दिसला नाहीस?" त्यांच्याबरोबर चाला. चालताना गप्पा होतात, आणि गप्पा होतात म्हणजे तुमचा वेग अगदी शास्त्रशुद्ध आहे.

तेवढ्यात कोरे करकरीत बूट घातलेला एक पोरगा येईल. घड्याळाची काचेवरची पट्टीसुद्धा काढलेली नसेल. "सर, सुरुवातीला काय करू?" सांगा त्याला, सावकाश पळ, बोलता आलं पाहिजे इतकं. तो मान डोलावेल, आभार मानेल, घड्याळ चालू करेल आणि वळणाकडे बाणासारखा सुटेल.

वळणापलीकडे तो वाकलेला असेल. लगेच जाऊ नका, त्याला नाडी बांधून होऊ द्या. मग फिजिओथेरपिस्टचा नंबर द्या आणि माझं नाव सांगायला सांगा. मला पुढच्या वेळी सूट मिळते.