इतिहासाची वर्गणी

वर्गणी मागायला निघालं की हातात पावतीपुस्तक असावं लागतं, हे ज्ञान मला निवृत्तीनंतर झालं. रिकाम्या हातांना लोक नमस्कार करतात. पावतीपुस्तक दिसलं की खिशात हात घालतात, नाहीतर "उद्या या" म्हणतात.

प्रकरण सुरू झालं एका चेंडूमुळे. आम्ही चार निवृत्त माणसं खारघरच्या सेंट्रल पार्कात सकाळी चालायला जातो. म्हणजे एक फेरी चालतो आणि तीन फेऱ्यांइतकं बसतो. एका रविवारी ओवे गावातली पोरं जवळच क्रिकेट खेळत होती. चेंडू आमच्या बाकाखाली आला आणि तो घ्यायला सहावीतला एक मुलगा आला. आमच्यातले एक जण जन्मभर मास्तर. चेंडू नेमका त्यांच्या हाताला लागला, तेव्हा तो फुकट परत मिळणार नव्हताच.

"वासुदेव बळवंत फडके कोण? सांग, मग चेंडू."

मुलगा जराही अडला नाही. "नाटकवाले."

"काय?"

"पनवेलला त्यांचं थेटर हाय ना. मोठ्या अक्षरात नाव हाय."

चेंडू देऊन टाकावा लागला. पोराचं तसं चुकलं काहीच नव्हतं. पनवेलला आद्य क्रांतिवीर वासुदेव बळवंत फडके नाट्यगृह आहे, आणि नाट्यगृहावर ज्याचं नाव तो नाटकवाला, हा तर्क बिनतोड आहे. हा माणूस ज्या शिरढोणात ४ नोव्हेंबर १८४५ रोजी जन्मला, ते पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागलं की कर्नाळ्याच्या अलीकडेच येतं. म्हणजे घरचाच माणूस. मास्तर त्या दिवशी दुसरी फेरी चालले. फार अस्वस्थ झाले की ते चालतात.

इतिहासाचं पाठ्यपुस्तक मुलांना शाळेत मोफत मिळतं. पण ते परीक्षेचं. त्याच्याकडे मूल ज्या नजरेने बघतं, त्या नजरेने आम्ही रक्तातल्या साखरेच्या रिपोर्टकडे बघतो. तेव्हा ठरलं की पाचवी ते सातवीच्या प्रत्येक मुलाला स्वतःचं, घरी न्यायचं, ज्यावर कोणी प्रश्न विचारणार नाही असं एकेक इतिहासाचं पुस्तक द्यायचं. मास्तरांनी निवड करायची, मी वर्गणी. बँकेत तीस वर्षं काढली म्हणून पैशाचं काम माझ्याकडे. बँकेत लोक आपण होऊन पैसे आणून देतात, हा बारीक फरक तेव्हा कोणाच्या लक्षात आला नाही.

आमच्या सोसायटीत पार्किंगवरून एकमत नाही, हे मला ठाऊक होतं. इतिहासावरूनही नाही, हे नव्याने कळलं. पहिल्याच दारात प्रश्न आला, "कोणता इतिहास?" दुसऱ्या दारात, "कोणी लिहिलेला?" तिसऱ्या दारातल्या गृहस्थांनी मला आत बसवून पानिपत का हरलं ते पाऊण तास समजावलं आणि शेवटी एक्कावन्न रुपये दिले. सदाशिवरावभाऊंनी त्यांचं ऐकलं असतं तर आज महाराष्ट्र वेगळा दिसला असता. एका तरुणाने सुचवलं की सगळ्या पुस्तकांची पीडीएफ करून पालकांच्या ग्रुपवर टाका, खर्च शून्य. एका बाईंनी पैशाऐवजी पुस्तकंच दिली, जाडजूड आणि चांगल्या बांधणीची, पण १९८७ सालच्या आयकराची. "आता इतिहासच की तो," म्हणाल्या. यावर मला उत्तर सुचलं नाही, अजूनही सुचलेलं नाही.

गणपतीला हीच माणसं अकराशे एक देतात. त्यात मला काही गैर वाटत नाही. गणपतीचा प्रसाद संध्याकाळी हातात पडतो. इतिहासाचा कधी पडेल, याची कोणी हमी देत नाही.

मराठ्यांच्या इतिहासाचं आणि पैशाचं मुळातच फारसं पटत नाही. साताऱ्याला राहून गेलेला ग्रँट डफ आपला मोठा थोरला इतिहास घेऊन लंडनच्या एका नामांकित प्रकाशकाकडे गेला, तर प्रकाशकाला पहिली शंका ही, की मराठे म्हणून कोणी आहेत हे इथे ठाऊक कोणाला? नावात मोगलांचा पाडाव आणि इंग्रजांचा उदय घाला, मग बघू. डफने ऐकलं नाही. पुस्तक १८२६ साली दुसरीकडून निघालं, मराठ्यांच्याच नावाने निघालं आणि त्यात त्याचे पदरचे पैसे गेले. एवढं सोसून हाती काय आलं? तर १८६७च्या सुमारास पुण्यातल्या नीळकंठ जनार्दन कीर्तने नावाच्या कॉलेजातल्या पोराने त्या इतिहासावर टीका लिहून त्यातल्या चुका दाखवल्या. मला विचाराल तर ग्रँट डफचे पैसे त्या दिवशी वसूल झाले. पुस्तक वाचून कोणी भांडायला उठलं, याहून चांगलं व्याज बँकसुद्धा देत नाही.

माझं घोडं मात्र चार हजारांवर अडलं. तेव्हा मास्तरांनी अंताजी दामोदर काळ्यांच्या पैसा फंडाची आठवण काढली. माणशी एक पैसा मागत काळे गावोगाव हिंडले आणि त्या पैशापैशांतून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. "तुम्ही दारं चुकीची निवडलीत," मास्तर म्हणाले. "मोठी रक्कम मागितली की माणूस विचार करतो. लहान मागा. आणि गावात जा."

गावात जायचं माझ्या मनात नव्हतं, कारण पुस्तकं त्यांच्याच मुलांना द्यायची होती. देणाऱ्याकडून घेऊन त्यालाच देणं हे मला बरं दिसेना. हा माझा शहरी शहाणपणा. ओव्यात पहिल्याच घरच्या ओटीवर एक म्हातारे बसले होते. मी पावतीपुस्तक काढायच्या आत त्यांनी माझी इमारत कुठली ते विचारलं. मी सांगितलं. ते हसले.

"तुमी रेताव ना, त्या बिल्डिंगीखाली आमची खाचरां होती. भात पिकायचा."

माझ्या घराच्या करारनाम्यात कुठे भाताचा उल्लेख नाही. मी ओशाळून खाली बसलो. मग चहा आला, आणि चहाबरोबर जे आलं ते आमच्या यादीतल्या एकाही पुस्तकात नव्हतं. १९७० साली सिडको झाली, पंचाण्णव गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी जायच्या ठरल्या, नोटिसा आल्या. दि. बा. पाटलांच्या मागे माणसं उभी राहिली. १९८४च्या जानेवारीत, १६ आणि १७ तारखेला, उरणकडे गोळीबार झाला आणि पाच माणसं गेली. त्यानंतर साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायचं धोरण आलं. म्हातारे हे सगळं सालवारीने नाही, पावसाळ्यांनी सांगत होते. अमक्या साली राब भाजला नाही, तमक्या साली आवणी झाली नाही. मध्येच उठून त्यांनी ट्रंकेतून प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला जुना सातबारा आणून दाखवला. एका पानाचा इतिहास, तोही खोडलेल्या नावांचा.

"तुमच्या बुकात आमचा ओवा हाय का?"

"नाही."

"मंग कोण हाय?"

"फडके आहेत. शिरढोणचे."

त्यांनी जरा विचार केला. "शिरढोण म्हंजे आपलाच," म्हणाले आणि पाचशेची नोट काढली. पावती फाडली तर घेईनात. "तुमाला लागल. वरती दाखवाया." त्या गल्लीत दहा-वीसपासून शंभरपर्यंत सगळ्यांनी दिलं, आणि पानिपत कोणीच समजावलं नाही.

एकूण जमले १८,६५० रुपये. त्यातले काही बॅनरवर जाणार होते, कारण बॅनरशिवाय वाटप होत नाही असं आमच्यातल्या एकांचं मत होतं. नमुना आला. त्यात आम्हा चौघांचे फोटो ताटाएवढे होते आणि कोपऱ्यात फडके पोस्टाच्या तिकिटाएवढे. मास्तर काही बोलले नाहीत. चालायला निघून गेले. बॅनर रद्द झाला आणि त्या पैशांत सात पुस्तकं जास्त आली.

वाटपाच्या दिवशी भाषण करायचं नाही असं ठरलं होतं, म्हणून तीनच झाली. माझ्या भाषणात मी मुलांना सांगितलं की पुस्तकं जपून वापरा. घरी आल्यावर वाटलं, हे काय सांगून बसलो? जपून ठेवलेली पुस्तकं आमच्या सोसायटीत काचेच्या कपाटांमध्ये भरपूर आहेत.

पंधरा दिवसांनी तो मुलगा पार्कात आला. या वेळी चेंडू नव्हता. पुस्तकाचं कव्हर फाटलेलं होतं, त्यामुळे मला बरं वाटलं. थेट माझ्याकडे आला.

"काका, ते नाटकवाले नव्हते."

"नव्हतेच."

"मंग थेटरला नाव कशाला?"

मी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर झाडाकडे पाहत होते. मुलाला मात्र उत्तराची घाई नव्हती. त्याला पुढचं विचारायचं होतं. फडक्यांनी आधी शिकलेल्या आणि पैसेवाल्या लोकांकडे मदत मागितली, ती मिळाली नाही, तेव्हा रामोश्यांना घेऊन त्यांनी दरोडे घातले, हे त्याने वाचलं होतं. मे १८७९ मध्ये त्यांचे साथीदार दौलतराव नाईक घाट उतरून आले आणि पळस्प्याला त्यांनी लूट केली, हेही. पळस्पे म्हणजे पळस्पे फाटा, त्याच्या मामाचं गाव. तिथे दरोडा पडला होता, या गोष्टीने तो आतून उजळला होता.

"सुमारे दीड लाख मिळाले त्यांना. पळस्पे आणि चिखली मिळून."

"हो, असं सांगतात."

"तुमाला किती मिळाले?"

"अठरा हजार सहाशे पन्नास."

"फक्त?"

पावतीपुस्तकात अजून एकवीस पावत्या कोऱ्या आहेत. आठवीचा वर्ग राहिला आहे. सकाळी साडेसहाला आम्ही सेंट्रल पार्कात, पिंपळाजवळच्या बाकावर असतो. येताना सुटे आणा, आणि पानिपताबद्दल काही सांगायचं असेल तर ते मास्तरांना सांगा.