हवापारखी

नगर जिल्ह्यात ‘यंदा हवा कुणाची?’ हा प्रश्न बाराही महिने विचारला जातो आणि त्याचा टायरशी काडीचा संबंध नसतो. त्यामुळे खरोखरीच्या हवेबद्दल बोलणारा माणूसही इथे पुढाऱ्याच्याच थाटात बोलतो. त्याला हवापारखी म्हणावं. पांढरी गाडी, मागच्या काचेवर गावाचं नाव, आणि समोर डॅशबोर्डवर पेटलेला, टायरमधली हवा कमी झाल्याचं सांगणारा पिवळा दिवा: घोड्याच्या नालासारखी आकृती, मध्ये उद्गारचिन्ह. दिवा लागला की तो खाली उतरतो, टायरला चपलेची एक लाथ घालतो, आवाजाकडे कान देतो आणि निकाल सांगतो, “हवा टाइट आहे. सेन्सर गंडलाय.” वाहनांची कसून परीक्षा घेणारी व्हीआरडीई ही संरक्षण खात्याची प्रयोगशाळा याच नगरात आहे. तिला त्यासाठी ट्रॅक लागतात, यंत्रं लागतात. याचं एका पायावर भागतं.

त्याचं म्हणणं सरसकट खोटं नाही. सेन्सर खरंच जातात. मुद्दा एवढाच की त्यांना घालवतं कोण. ज्या गाड्यांत हा सेन्सर चाकात असतो, तिथे तो टायरच्या आत वॉलच्या बुडाशी बसवलेला असतो, आणि पुष्कळदा वॉलची नळी ॲल्युमिनियमची असते. मूळचं काळं प्लास्टिकचं टोपण हवापारख्याला गरिबाचं वाटतं, म्हणून तो तिच्यावर चकचकीत पितळी टोपण चढवतो. दोन धातूंमध्ये पावसाचं पाणी शिरलं की ॲल्युमिनियम गंजू लागतं, टोपण आट्यांत गच्च बसतं, आणि पुढच्या वेळी पंक्चरवाला पक्कड लावतो तेव्हा टोपणाबरोबर नळीही हातात येते. त्यातून वाचलाच, तर वेड्या बाभळीच्या काट्यांवर उतारा म्हणून टायरमध्ये जेल ओतलं जातं. बांधापर्यंत गाडी नेणाऱ्याने ते ओतावं हे समजू शकतं, पण तो चिकटा सेन्सरचं बारीक भोकही बुजवू शकतो. उरलासुरला सेन्सर टायर उतरवताना टॉमीखाली सापडतो, कारण आत असं काही आहे हे पंक्चरवाल्याला कुणी सांगितलेलंच नसतं. इतकं करून आरोपी सेन्सरच.

काही गाड्यांत तर चाकात सेन्सर नसतोच. एबीएस ब्रेकची यंत्रणा चाकांचे फेरे मोजते; हवा कमी झालेलं चाक किंचित लहान होतं, फेरे जास्त घेतं, आणि गाडीला वास लागतो. हवा भरल्यावर रीसेटचं बटण दाबून अशा गाडीला ‘ही योग्य हवा’ असं शिकवावं लागतं. हवापारखी हवा न भरताच बटण दाबतो. म्हणजे कमी हवा हीच योग्य हवा असा ठराव वार्षिक सर्वसाधारण सभेत आवाजी मतदानाने मंजूर होतो आणि दिवा विझतो. नसलेला सेन्सर गंडल्याचं निदान करून तो दुरुस्तही करणारा हा एकमेव वैद्य.

यावर तो म्हणेल, सेन्सरची बॅटरी संपते त्याचं काय? बरोबर आहे. ती सीलबंद असते, साधारण 5 ते 10 वर्षं चालते, आणि संपली की बहुधा अख्खा सेन्सरच बदलावा लागतो. पण तशा वेळी बहुतेक गाड्यांत दिवा आधी मिनिटभर लुकलुकतो, मग स्थिर होतो. लुकलुकला तर सेन्सर आजारी. सुरुवातीपासून स्थिर पेटला तर टायर. एवढा मिनिटभर थांबायला हवापारख्याला वेळ कुठला? दुसरी तक्रार जास्त मजेशीर आहे: “सकाळी दिवा लागतो, दुपारी आपोआप जातो, मग हे यंत्र कसं खरं?” जानेवारीत नगरला पहाटे पारा 10 अंशांच्या आसपास आणि दुपारी 30 कडे असतो. 20 अंशांच्या फरकाने टायरमधला दाब 3 पौंडांच्या आसपास हलतो. 33 पौंडांच्या टायरमध्ये दुपारी 27 असतील तर पहाटे 24 होणार आणि दिवा लागणार. त्या टायरमध्ये दोन्ही वेळा हवा कमीच असते. यंत्र फक्त पहाटे तोंड उघडतं.

राहिला आजोबांचा दाखला, की त्यांच्या जीपला कुठे होते सेन्सर? नव्हते, आणि 120 चा वेगही नव्हता. 11 डिसेंबर 2022 रोजी शिर्डी ते नागपूर हा समृद्धी महामार्गाचा 520 किलोमीटरचा टप्पा खुला झाला. सपाट काँक्रीटवर तासन् तास त्या वेगाने पळताना कमी हवेच्या टायरची बाजू सारखी दुमडते, तापते आणि फुटते. अमेरिकेत फायरस्टोनचे टायर फुटून माणसं मेली तेव्हा 2000 साली कायदा आला आणि हा दिवा पुढे सक्तीचा झाला. उभ्या गाडीच्या ट्यूबलेस रेडियलमध्ये 33 आणि 24 यांतला फरक डोळ्याला जेमतेम दिसतो. लाथेला तर नाहीच.

अखेर तो पंक्चरवाल्याकडे येतोच. पंक्चरवाला बोलत नाही. टोपण काढतो, बोटावर थुंकी घेऊन वॉलच्या तोंडावर लावतो, आणि दोघं वाकून बघत राहतात. थुंकीचा एक बारीक फुगा हळूहळू मोठा होतो, फुटतो, पुन्हा येतो. “पिन गेलीय,” पंक्चरवाला म्हणतो. हवापारखी मान डोलावतो, जणू त्याने हेच सांगितलं होतं. नवी पिन बसते, हवा 33 होते, दिवा विझतो. मग तो खिशातून पितळी टोपण काढून बसवतो आणि सैल राहू नये म्हणून पक्कड मागतो.