मचाणावरचं पोर्ट

चंद्रपुरात इंटरनेट मंद झालं की लोक आधी आभाळाकडे बघतात. तिथे वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात. 2920 मेगावॅटचं एवढं मोठं प्रकरण गावाला खेटून उभं असल्यावर दुसरा आरोपी शोधायचे कष्ट कोण घेणार? आमच्या संस्थेतल्या नेटबद्दल त्याला बराच काळ विनाचौकशी दोषी धरलं जात होतं. त्याच्या खालोखाल नंबर खाणीतल्या ब्लास्टिंगचा. "जमीन हादरते, वायर ढिली होते," असं आमचे अकाउंटंट छातीठोकपणे सांगत. तिसरी टोळी गच्चीवरच्या वानरांची. वानरांवर माझाही थोडा संशय होता, कारण त्यांची गच्चीवरची हजेरी आमच्या कुठल्याही विभागापेक्षा नियमित आहे.

मी शिकवतो संख्याशास्त्र. पण ज्याला आकडे कळतात त्याला नेटवर्कही कळत असणार, या तर्काने सर्व्हर रूमची किल्ली माझ्याकडे आली. सर्व्हर रूम म्हणजे पूर्वीचं स्टेशनरीचं कोठार. तिथे एक रॅक, रॅकमध्ये 24 पोर्टांचा स्विच आणि इमारतीतला एकमेव प्रामाणिक एसी. मे महिन्यात पारा 45 च्या पलीकडे गेला की सगळ्या स्टाफला नेटवर्कच्या प्रकृतीची काळजी वाटू लागते. खुर्च्या घेऊन येतात, स्विचच्या हिरव्या दिव्यांकडे बघतात, "लुकलुकते म्हणजे चालू आहे ना, सर?" असं विचारतात आणि घाम वाळेपर्यंत हलत नाहीत.

तक्रार अशी, की दर सोमवारी सकाळी नेट मान टाकायचं आणि दुपारी अडीच-तीनला उठून बसायचं. नेमकी सोमवारी अकरा वाजता गडचिरोली केंद्राबरोबर आमची व्हिडिओ बैठक असते. गडचिरोली जिल्हा चंद्रपुरातून वेगळा झाला 26 ऑगस्ट 1982 ला, पण आमच्या संस्थेतली वाटणी अजून पुरी झालेली नाही. दोन गोदरेज कपाटं आणि एक सायक्लोस्टाइल यंत्र कुणाचं, हा विषय बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर कायमचा मुक्कामाला आहे. गडचिरोलीचा आवाज वरपर्यंत पोचत नाही, हे तिकडचं जुनं गाऱ्हाणं. आमच्या बैठकीत मात्र उलटं व्हायचं. त्यांचा शब्द न् शब्द आम्हाला स्वच्छ ऐकू यायचा आणि आमचे साहेब कपाटांबद्दल बोलू लागले की तिकडे त्यांचं तोंड उघडंच्या उघडं गोठायचं. गडचिरोलीकरांनी याबद्दल एकदाही लेखी तक्रार केली नाही.

संख्याशास्त्राच्या माणसाला इथेच थांबायला हवं होतं, पण आणखी एक गोष्ट मला झोपू देत नव्हती. पावसाळ्यात हे दुखणं बरं व्हायचं. आमच्याकडे पावसाळा म्हणजे सगळं बिघडण्याचा हंगाम. पर्लकोटेच्या पुलावरून पाणी गेलं की भामरागडचा संपर्क तुटतो, वीज जाते, रस्ता जातो, खोदकामात केबल तुटते ती वेगळीच. आणि आमचं सोमवारचं नेट मात्र जुलै ते सप्टेंबर ठणठणीत. अकाउंटंटांचं म्हणणं, पावसाने हवेतली धूळ बसते. आमची लाइन जमिनीखालून येते, हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "मग जमिनीतली बसत असंल."

तेव्हा ठरवलं, की आता अंदाज पुरे, प्रत्यक्ष बघायचं. पण बघायचं कुठून? पूर्वी हब नावाचा डबा असायचा. एका यंत्राने काही पाठवलं की हब ते सगळ्यांना ऐकवायचा. कोपऱ्यात लॅपटॉप लावून बसलं की गावभरची खबर मिळायची. स्विच त्या मानाने घरंदाज. कुठलं यंत्र कुठल्या पोर्टावर आहे याची तो मनात यादी ठेवतो आणि ज्याचं त्यालाच नेऊन देतो. त्याला नुसता लॅपटॉप जोडला तर आपलं स्वतःचं आणि सर्वांसाठी पुकारलेलं तेवढंच कानावर पडतं. यावर उपाय पोर्ट मिररिंगचा. स्विचला हुकूम सोडायचा: 24 नंबरच्या पोर्टातून, म्हणजे बाहेरच्या लाइनकडे, जे जे जातं आणि येतं, त्या सगळ्याची एकेक नक्कल 23 नंबरवर टाक. सिस्को कंपनी यालाच 'स्पॅन' म्हणते. मूळ वाहतुकीला धक्का नाही, कुणाला पत्ता नाही.

हे मी आमच्या शिपाईकाकांना समजावत होतो. काका मूळचे धानोऱ्याकडचे. तरुणपणी बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर मचाण बांधायला, जनावरं मोजायला जायचे. हल्ली वाघांची खरी मोजणी कॅमेऱ्यांनी होते आणि पौर्णिमेच्या त्या रात्रीला वनखातं 'निसर्गानुभव' म्हणतं. पण काकांच्या लेखी मोजणी म्हणजे मचाण. माझं सगळं ऐकून ते म्हणाले, "म्हंजे तुमी तेवीस नंबरच्या मचानीवर बसून पान्यावर कोन येते, थे पाहाल. असंच ना जी?"

यानंतर मी नेटवर्किंगचं पुस्तक बंद केलं, कारण काकांनी पुढचे सगळे धडे मचाणावरूनच घेतले. मचाणावर बसलेल्याने बोलायचं नाही, विडी ओढायची नाही, खाली उतरायचं नाही. 23 नंबरच्या पोर्टाचंही तेच. ते फक्त ऐकतं, त्या पोर्टातून स्वतःचा धंदा करता येत नाही. एकच जनावर दोन पाणवठ्यांवर गेलं की दोनदा मोजलं जातं, हे काकांना ठाऊक होतं. सगळीच पोर्टं एकदम आरशात धरली तर तेच पॅकेट आत शिरताना आणि बाहेर पडताना असं दोनदा दिसतं. आणि कळपच्या कळप आला तर? एक गिगाबिटच्या पोर्टाची जाणारी आणि येणारी वाहतूक मिळून दोन गिगाबिटपर्यंत जाऊ शकते, आणि नक्कल घेणारं पोर्ट मात्र एकाच गिगाबिटचं. जास्तीचं सरळ गळून जातं. काका म्हणाले, "चितळं सुटून जातेतच जी. वाघ नाई सुटला पायजे." मग जाणारी वाहतूक धरायची की येणारी, हा प्रश्न उरला. वाघाच्या डाव्या अंगाचे पट्टे उजव्या अंगासारखे नसतात म्हणून जंगलात कॅमेरे वाटेच्या दोन्ही बाजूंनी लावतात, हे आमच्या जिल्ह्यात शाळकरी पोरालाही माहीत असतं. मीही दोन्ही बाजू धरल्या.

परवानगी मात्र लागणार होती. सहकाऱ्यांची वाहतूक चोरून बघणं बरं नव्हे, आणि नंतर कुणी बोट दाखवलं तर हातात कागद असावा, हे नोकरीने शिकवलेलं आहे. अर्ज साहेबांकडे गेला. साहेबांनी तो वाचला, चष्मा काढला, पुसला आणि हिरव्या शाईत शेरा मारला: 'मान्य. दोषी व्यक्तीची गय केली जाऊ नये.'

कामाला लागायला मग स्विचमध्ये दोन ओळी पुरल्या. एक ओळ कुणाला बघायचं ते सांगणारी, दुसरी कुठून बघायचं ते सांगणारी. लॅपटॉपवर वायरशार्क उघडलं. जेराल्ड कॉम्ब्स नावाच्या गृहस्थाने कॅन्सस सिटीत नोकरी करता करता 1998 मध्ये 'इथरिअल' या नावाने हे काढलं आणि फुकट वाटलं. 2006 पासून ते वायरशार्क झालं. उघडताक्षणी पडद्यावर रंगीत ओळींचा लोंढा सुरू झाला. त्याच क्षणी माझ्या लॅपटॉपचं नेट गेलं, कारण मचाणावरच्याने पाणी प्यायचं नसतं. ही बातमी स्टाफरूममध्ये 'नेट दुरुस्त करणाऱ्याचंच नेट बंद' अशी पोचली आणि अकाउंटंटांनी त्या आनंदात सगळ्यांना चहा पाजला.

काकांनी मचाणाची गोष्ट जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना सांगितली. मला अपेक्षा होती कुतूहलाची. पण लागली पापनिवेदनाची रांग. एकेक जण सर्व्हर रूममध्ये यायचा, दार लोटायचा, एसीखाली उभा राहायचा आणि मी काहीही न विचारता बोलू लागायचा. एकाने मुलासाठी वधूवर-सूचक संकेतस्थळावर नाव घातलं होतं. ते मुलाच्या आईला ठाऊक नव्हतं. ग्रंथपाल झाडीपट्टीच्या नाटकांचे व्हिडिओ बघतात. वडशाच्या मंडळींची रात्रभर चालणारी नाटकं आहेत ती, दिवाळीनंतरच्या हंगामात समोर बसून पाहिल्यावर उन्हाळ्यात पुन्हा पडद्यावर बघावीशी वाटतात, यात लपवण्यासारखं काय? "पण मी ती पुस्तकांच्या नोंदणीच्या वेळेत बघतो," असं ते खालच्या आवाजात म्हणाले. अकाउंटंट सर्वांत शेवटी आले. त्यांनी आधी सगळ्या खिडक्या तपासल्या. मग म्हणाले, "शेअर बाजार फक्त बघतो. घेत काही नाही." थोडं थांबून म्हणाले, "घेतले होते. पडले."

यातलं काहीही मला दिसत नव्हतं. आजकाल बहुतेक सगळी वाहतूक कुलूपबंद जाते. कोणत्या यंत्राने कोणाशी किती वेळ आणि किती देवाणघेवाण केली एवढं कळतं; काय बोलले ते नाही. जंगलात जाणत्याला ठशावरून जनावर आणि दिशा कळते, जनावराच्या मनातलं नाही. हे मी पहिल्या दोघांना समजावून सांगितलं. त्यांचा विश्वास बसला नाही. तिसऱ्यापासून मी सांगणं सोडून दिलं. कबुली देऊन माणसं इतकी हलकी होऊन बाहेर पडत होती, की तंत्रज्ञानाने मध्ये येऊ नये असं वाटलं. शिवाय संस्थेत इतकी वर्षं काढून मला जे कळलं नव्हतं ते त्या आठवड्यात कळलं आणि त्यासाठी एकही पॅकेट उघडावं लागलं नाही. स्विचपेक्षा त्याची अफवा जास्त कामाची निघाली.

सोमवार उजाडला. सगळे धाकात होते. कुणी व्हिडिओ लावला नाही, शेअर बाजार बिचारा एकटाच चढउतार करत राहिला. तरीही दहाच्या ठोक्याला नेट आडवं झालं. वायरशार्कमध्ये कोण कोणाशी बोलतंय याचा तक्ता असतो, तो मी उघडला. सगळी यंत्रं थेंब थेंब पीत होती आणि एकच यंत्र तोंड लावून बसलं होतं. आणि ते पाणी पीत नव्हतं, ओतत होतं! सगळा ओघ आतून बाहेर. फोटो-व्हिडिओ साठवून ठेवणाऱ्या एका परदेशी कंपनीकडे चाललेला.

इथे सगळ्या गाठी सुटल्या. आमच्या लाइनची बाहेर पाठवायची क्षमता 10 एमबीपीएस. 20 जीबीचा ऐवज त्या वाटेने न्यायचा तर साधारण साडेचार तास लागतात. दहाला सुरू केलं की अडीच वाजतात. बाहेर जाणारी वाट अशी तुंबली की आमचा आवाज गडचिरोलीला पोचत नाही, त्यांचा मात्र येत राहतो. वेबपानं उघडत नाहीत तीही त्याचमुळे. पान मागण्याची चिठ्ठी आणि 'मिळालं, पुढचं पाठवा' ही पोचपावती त्याच तुंबलेल्या वाटेने जायची असते.

आता हे यंत्र कुणाचं? स्विचच्या यादीत बघितलं: पोर्ट क्रमांक 9. भिंतीवरच्या नोंदवहीत 9 समोर माझ्याआधीच्या प्रभाऱ्याने वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'साहेब कॅबिन'.

काका मागे उभे होते. त्यांनी अक्षरं वाचली आणि म्हणाले, "वाघ दिसला जी. आता हालू नका."

साहेब दर शनिवार-रविवार ताडोब्यात जातात, हे जगजाहीर आहे. हातभर लांब लेन्सचा कॅमेरा आहे. सोमवारी आल्या आल्या मेमरी कार्ड संगणकात घालतात, सगळं आपोआप वर चढायला लागतं आणि साहेब बैठकीला बसतात. पावसाळ्याचं कोडंही तिथेच सुटलं. 1 जुलैपासून ताडोब्याचा कोअर भाग पर्यटकांना बंद होतो तो 30 सप्टेंबरपर्यंत, आणि बफरमध्ये जाणं साहेबांना कमीपणाचं वाटतं.

अहवाल मी फार जपून लिहिला. त्यात माणूस नव्हता, फक्त पोर्ट क्रमांक 9 होतं. साहेबांनी वाचला, टेबलावर हात आपटला आणि विचारलं, "कोण हा 9 नंबर?" मी म्हटलं, "सर, वायर या टेबलाखालून निघते." त्यांनी वाकून टेबलाखाली बघितलं. वायर होती. मग त्यांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला आणि एका वाघिणीचा तीन बछड्यांसह रस्ता ओलांडतानाचा व्हिडिओ दाखवला. व्हिडिओ खरोखर सुंदर होता. साडेचार तास लागण्याच्या लायकीचा होता.

9 नंबरच्या पोर्टाला वेगमर्यादा घालता आली असती, स्विचमध्ये तशी सोय आहे. पण मर्यादेचा अर्ज पुन्हा साहेबांकडेच जाणार. मी सुचवलं, की व्हिडिओ रात्री चढवावेत. साहेबांना पटलं. पण संध्याकाळी सहानंतर मेन स्विच बंद करण्याचं ऊर्जाबचतीचं परिपत्रक लागू होतं आणि त्याखाली सही साहेबांचीच. स्वतःचं परिपत्रक मागे घेणं त्यांच्या तत्त्वात बसेना. तेव्हा तिसरा मार्ग निघाला. मोठ्या क्षमतेच्या लाइनचा जो प्रस्ताव 'निधीअभावी' या शेऱ्याखाली कपाटात निजला होता, तो बाहेर काढण्यात आला आणि आठवड्याच्या आत मंजूर झाला. ते कपाट गडचिरोलीने मागितलेल्या दोनांपैकी एक होतं.

नवी लाइन जुलैच्या पहिल्या आठवड्यात आली. तेव्हापासून सोमवारी नेट उत्तम चालतं. साहेबांनी बैठकीत त्याचं श्रेय घेतलं आणि या वेळी ते गडचिरोलीला स्पष्ट ऐकू गेलं. अकाउंटंट मला विचारतात, आता तरी मान्य आहे ना लाइनचा गुण? मी संख्याशास्त्राचा माणूस, मी काहीच मान्य करत नाही. जुलै ते सप्टेंबर जुन्या लाइनवरही नेट उत्तमच चालायचं, तेव्हा या आकड्यांवरून काहीही सिद्ध होत नाही. त्यातून साहेबांनी मधल्या काळात कॅमेरा बदलला आहे आणि नव्याचे व्हिडिओ जुन्याच्या चौपट जागा खातात, असं काका सांगतात.

कोअरचे दरवाजे 1 ऑक्टोबरला उघडतात. त्यानंतरच्या पहिल्या सोमवारसाठी मी किरकोळ रजेचा अर्ज टाकला होता. हिरव्या शाईत शेरा येऊन पडला आहे: 'नामंजूर. त्या दिवशी मी रजेवर आहे.'