एका बिटाचा संशय

रॅमच्या खोक्यावर छापलेला आकडा हा स्थळ सांगून येताना सांगितलेल्या पगारासारखा असतो. खोटा नसतो; पण त्यात काय काय धरलंय हे विचारायचं असतं, आणि ते विचारायचं साखरपुडा होईपर्यंत कुणाला सुचत नाही. खोक्यावर ठळक अक्षरांत ६००० लिहिलेलं असतं. घरी आणून स्लॉटमध्ये बसवावं, संगणक चालू करावा, तर वेग दिसतो ४८००. दुकानदारावर भडकायचं कारण नाही. ४८०० हा डीडीआर५ रॅमचा जेडेक या संस्थेने ठरवून दिलेल्या तक्त्यातला पायाचा वेग, १.१ व्होल्टवर गुमान चालणारा. ६००० हवं असेल तर बायोसमध्ये शिरून एक प्रोफाइल चालू करावं लागतं. इंटेलने २००७ साली आणलेल्या अशा प्रोफाइलला एक्सएमपी म्हणतात, एएमडीने २०२२ मध्ये आणलं त्याला एक्स्पो. ते चालू केलं की व्होल्टेज १.३५च्या आसपास चढतं, वेग वाढतो, आणि त्या क्षणापासून तुम्ही ओव्हरक्लॉकिंग करत असता, मग तुम्हाला ते ठाऊक असो वा नसो. रॅमवाला बोलतो फक्त रॅमपुरतं. पलीकडचा प्रोसेसर आणि मदरबोर्ड त्या वेगाला राजी होतील की नाही, हे त्या दोघांनी आपसात बघून घ्यायचं.

डोंबिवलीच्या आमच्या ताईकडे हे तिघं एकत्र नांदायला आले ते भाच्यामुळे. बारावीनंतरच्या सुट्टीत त्याने लॅमिंग्टन रोड पालथा घालून एकेक भाग गोळा केला आणि जेवणाच्या टेबलावर संगणक जुळवला. त्या काळात आम्ही खाली बसून जेवत होतो. ताईने कॅबिनेटला बाहेरून हळदकुंकू लावलं. आतल्या पंख्यांवर उडेल म्हणून अक्षता मात्र नामंजूर झाल्या. बटण दाबलं. पंखे फिरले, रंगीत दिवे लागले आणि पडदा काळाच. एक मिनिट गेलं, दोन गेली. मदरबोर्डवर ‘डीरॅम’ लिहिलेला बारका दिवा तेवढा पेटून राहिला. भावोजींनी ‘बिल जपून ठेवलंय ना?’ असं हळूच विचारलं. भाचा म्हणाला, ‘ट्रेनिंग चालू आहे.’

हे ट्रेनिंग खरंच असतं. रॅम आणि प्रोसेसर यांच्यामध्ये तांब्याच्या बारीक वाटा असतात आणि प्रत्येक वाटेवरचा संदेश केसाएवढा पुढेमागे पोचतो. नेमका कुठल्या क्षणी वाचला म्हणजे शून्याचा शून्य आणि एकाचा एक वाचला जाईल, हे मदरबोर्ड वाटेगणिक करून बघतो आणि जुळवून घेतो. पहिल्या वेळी त्याला काही मिनिटंही लागू शकतात. कित्येक लोक याच मिनिटांत धीर सोडतात आणि सगळं पुन्हा उसकटतात. आमच्याकडे पडदा उजळला, पेढे वाटले, भाच्याने ६००० चं प्रोफाइल चालू केलं, टेबल मोकळं झालं.

मग सुरू झाला तो प्रकार जरा नाजूक होता. संगणक बंद पडला असता तर बरं झालं असतं. तो चालत होता, चांगला चालत होता, आणि मध्येच कधीतरी निळा पडदा दाखवून मान टाकत होता. दर वेळी पडद्यावर कारण वेगळं. आज ग्राफिक्सच्या ड्रायव्हरकडे बोट, उद्या हार्डडिस्ककडे, परवा विंडोजच्या कुठल्याशा फाईलकडे. डाउनलोड केलेली झिप फाईल उघडताना ‘खराब आहे’ म्हणे, तीच परत उतरवली की उघडे. हे अस्थिर रॅमचं खास लक्षण. रॅम स्वतः कधी गुन्हेगार म्हणून पुढे येत नाही. तिच्यात एक बिट उलटतो, तो ज्याच्या कामाच्या कागदात असेल तो कोसळतो, आणि पंचनाम्यात नाव लागतं कोसळणाऱ्याचं.

मग घरात ज्याचा त्याचा संशयित ठरला. भावोजींचा संशय लाइटवर: संध्याकाळी व्होल्टेज खालीवर होतं, अर्थिंग बघून घ्या. वरच्या मजल्यावरच्या मुलाचा संशय विंडोजवर: फॉरमॅट मार. ताईचा संशय जागरणावर, संगणकाच्या आणि मुलाच्याही. ओळखीतल्या एका रिपेअरवाल्याने फोनवर आपल्याकडचा पिढीजात उपाय सांगितला: रॅम काढ, सोनेरी दात खोडरबराने घास, फुंकर मार, परत लाव. जुन्या मशिनांवर या खोडरबराने उपकार केलेले आहेत, त्यामुळे त्याची टिंगल मी करणार नाही. पण कालपरवा सीलबंद डबीतून निघालेल्या दातांवर घासायला काही नव्हतंच. गंमत अशी की यातला प्रत्येक उपाय लागू पडला. अर्थिंग बघितल्यावर एक अख्खा दिवस संगणक शहाण्यासारखा वागला. फॉरमॅट मारल्यावर त्याहून जास्त. ज्या बिघाडाच्या येण्याजाण्याला वेळकाळ नसतो, त्याच्यावर कुठलंही औषध गुण देतं, आणि देणारा छाती काढून फिरतो.

खरं तर नवल याचं वाटायला हवं की ही रॅम एरवी बरोबर चालते तरी कशी. आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांना १९६६ मध्ये तिची कल्पना सुचली, १९६८ मध्ये पेटंट मिळालं. एका बिटासाठी एक ट्रान्झिस्टर आणि एक इवला कपॅसिटर, बस. कपॅसिटरमध्ये भार असला तर एक, नसला तर शून्य. अडचण एवढीच की हा भार गळतो. सतत, आपसूक, कुणी हात न लावता. म्हणून प्रत्येक खण ठरावीक वेळाने वाचून पुन्हा भरावा लागतो. डीडीआर५मध्ये साधारण दर ३२ मिलिसेकंदांनी. भाच्याच्या मशिनमधल्या ३२ जीबीत असे साडेसत्तावीस हजार कोटींच्या घरात खण आहेत. ताई ईमेल वाचत बसली असताना, किंवा संगणकापुढे कुणीही नसताना, ही सगळी भराभर सेकंदाला तीसेक वेळा होत असते. आणि आपण तिला म्हणतो, अजून थोडं पटापट कर.

त्या दिवसांत मला धीर दिला तो लिनक्सवाल्या लिनस टॉरव्हाल्ड्स यांच्या एका हकिकतीने. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये, लिनक्सच्या नव्या आवृत्तीची जुळवाजुळव ऐन भरात असताना, त्यांचा स्वतःचा डेस्कटॉप भलभलत्या चुका दाखवायला लागला. जगातले असंख्य संगणक ज्याच्या कर्नेलवर चालतात त्या माणसानेही आधी नव्या कोडवरच संशय घेतला. निघाली रॅमची एक खराब स्टिक. चुका पकडून दुरुस्त करणारी ईसीसी रॅम सगळ्यांना मिळायला हवी, असं हा माणूस त्याआधी जाहीरपणे आणि तावातावाने सांगत आला होता, आणि नेमकी त्याच्या मशिनमध्ये ती नव्हती. हे ऐकल्यावर भावोजींनी अर्थिंगचा मुद्दा जरा सैल सोडला.

शेवटी भाच्याने पेनड्राइव्हवर मेमटेस्ट८६ घेतलं. १९९४ मध्ये ख्रिस ब्रेडी यांनी लिहिलेला हा प्रोग्राम विंडोजला जागं न करताच चालतो. रॅमच्या एकेका खणात काहीतरी लिहितो आणि परत वाचतो. सगळीकडे शून्य, सगळीकडे एक, मग आलटून पालटून, मग लिहून थोडं थांबतो आणि विसरली नाही ना ते बघतो. एकाच ओळीवर सतत घाव घालून शेजारच्या ओळीतला बिट उलटतो का, हेही तपासतो. (शेजारी ठोकाठोक चालली की आपल्या भिंतीचा गिलावा निघतो हे चाळीत राहिलेल्यांना कुणी शिकवायला नको; संगणकशास्त्रात त्यावरचा गाजलेला निबंध २०१४ मध्ये आला.) ही परीक्षा तासन् तास चालते. मी रात्री उठून पाण्याच्या निमित्ताने बघून यायचो. सकाळी मोठ्या हिरव्या अक्षरांत ‘पास’.

घरात आनंद झाला आणि दुपारी गेम अर्ध्यात बंद पडला.

या घटनेनंतर भाच्याबद्दलचा माझा आदर वाढला, कारण तो चिडला नाही, विचार करत बसला. परीक्षा रात्री झाली होती, खिडक्या उघड्या, ग्राफिक्स कार्ड आराम करत होतं. गेम दुपारी, डोंबिवलीच्या मे महिन्यात, आणि ग्राफिक्स कार्डाचा सगळा उकाडा बरोबर वरच्या रॅमवर. तापमान वाढलं की खणातला भार लवकर गळतो. वर व्होल्टेज वाढवलेलं असल्याने स्टिका मुळात गरम. मग त्याने विंडोजमध्येच रॅम तपासणारा प्रोग्राम लावला आणि सोबत ग्राफिक्स कार्डालाही कामाला जुंपलं. अर्ध्या तासाच्या आत चूक सापडली. एकच. साडेसत्तावीस हजार कोटी खणांच्या कारभारात एक बिट, आणि तोही आम्ही फटाके लावायचे बाकी ठेवले इतक्या आनंदाने बघितला.

पुढचं सरळ होतं. बायोस अपडेट केलं. मदरबोर्डवाले रॅमशी जुळवून घेण्याची अक्कल पुष्कळदा नंतरच्या अपडेटमधून पाठवतात. स्टिका प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये आहेत ना ते पाहिलं, होत्या. चुका कमी झाल्या, संपल्या नाहीत. शेवटी वेग ६००० वरून ५६०० वर आणला आणि चुका थांबल्या.

भाच्याचा चेहरा मात्र नापास झाल्यासारखा. मी कागद घेऊन बसलो. ६००० ला, सीएल (मागितल्यापासून थांबायच्या ठोक्यांची संख्या) ३० असताना, मागितलेली गोष्ट यायला सुरुवात व्हायला दहा नॅनोसेकंद लागतात. ५६०० ला, बाकी सगळं तेच ठेवून, १०.७. फरक ०.७ नॅनोसेकंदांचा. तेवढ्या वेळात प्रकाश किती अंतर कापतो? एकवीस सेंटिमीटर. जेमतेम एक वीत. एवढ्याशा विसाव्यात साऱ्या घराला झोप लागली. भाच्याला हे पटलं, तरी गेम पूर्वीइतका ‘स्मूद’ वाटत नाही असं तो म्हणतो, आणि ज्याला वाटत नाही त्याच्याशी गणिताने वाद घालू नये.

राहिला तो मागचा संशय. ज्या दिवसांत रॅम डळमळीत होती, त्या दिवसांत कॉपी केलेल्या फाईलींचं काय? ब्ल्यू स्क्रीन आली ती चूक निदान कळली. जी चूक काही न कोसळवता मुकाट्याने फाईलमध्ये जाऊन बसली, ती तिथेच बसली आहे. लग्नाच्या अल्बममधल्या एका फोटोत ताईच्या सासूबाई कमरेखाली राखाडी झाल्या आहेत. तो पुरावा सापडला. बाकीचे सापडायचेत. २००३ मध्ये बेल्जियमच्या स्कारबेकमध्ये मतदानयंत्राने एका उमेदवाराला ४०९६ मतं जास्त दिली होती. शक्य होती त्याहून जास्त मतं पडली म्हणून तर ते लक्षात आलं. ४०९६ म्हणजे दोनाचा बारावा घात, म्हणजे बरोबर एक बिट. अंतराळातून आलेल्या एखाद्या कणाने तो उलटवला असावा, असा अंदाज झाला. सिद्ध काही झालं नाही.

ही गोष्ट भाच्याने जेवताना सांगितली आणि भावोजींचा घास हातात राहिला. ते सोसायटीचे खजिनदार आहेत, वर्षाचा हिशोब त्यांनी याच संगणकावर, याच दिवसांत केला, आणि तो ६५० रुपयांनी जुळत नव्हता. भाच्याने लगेच बोटांवर हिशोब मांडला. ‘पाचशे बारा, एकशे अठ्ठावीस, आठ आणि दोन! बाबा, चार बिट उलटले!’ कुठलीही पूर्ण रक्कम अशी दोनाच्या घातांत मोडता येते, एक्कावन्न रुपयांचा घोळ असता तरी मोडली असती, हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण भावोजी इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्या कॅबिनेटकडे मायेने बघत होते.

‘हे सर्वसाधारण सभेत सांगता येईल?’ त्यांनी मला विचारलं. ‘अंतराळातला कण वगैरे?’

‘बेल्जियमचा दाखला आहेच,’ मी म्हणालो.

‘अहो,’ ताई आमटी वाढता वाढता म्हणाली, ‘टाकी धुणाऱ्याला साडेसहाशे दिलेत, ते लिहिलेत का?’